मंडळीच्या वेब-दप्तरात लॉगिन अडते तेव्हा नेमके काय तपासायचे?

क्वार्टरगेट

सर्वांना प्रभूच्या नावात सलाम.

सभासदांच्या नोंदी, बाप्तिस्मा नि दृढीकरणाच्या तारखा, वर्गणी, संडे स्कूलचे वर्ग हे सारे रजिस्टरांतून वेबवर आणले की काम हलके होते. अडते ते दारातच. वार्षिक सभा होऊन पाळकीय समिती बदलली की नव्या सेक्रेटरींना आत जाता येत नाही, जुन्या खजिनदारांचे खाते तसेच उघडे राहते आणि पासवर्ड व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरत राहतो. पुण्यातल्या मंडळ्यांमध्ये ज्यांच्या हाती हे काम आहे त्यांनी नेमकी माहिती इथे लिहावी. सल्ला असा हवा, की कुठल्याही दप्तरातल्या क्लार्कला तो वाचून काम करता येईल.

सुरुवात मी करते. मला चर्चसीआरएम, म्हणजे मंडळीच्या नोंदी ठेवण्याचे मोफत सॉफ्टवेअर, ठाऊक आहे. पैसे भरून घेतलेल्या सेवांत बटणांची नावे वेगळी, तत्त्व तेच.

नवीन चर्चसीआरएम बसवले की त्यात एकच खाते असते. नाव ‘अ‍ॅडमिन’ आणि पासवर्ड ‘चेंजमी’, दोन्ही इंग्रजीत, सगळी अक्षरे लहान. पहिल्याच लॉगिनला पासवर्ड बदलावा लागतो. हे खाते रोजच्या कामाला वापरू नका. त्याचे नाव जगजाहीर आहे, इंटरनेटवरचे बॉट (आपोआप पासवर्ड लावून बघणारे प्रोग्राम) पहिला हल्ला त्याच नावावर करतात आणि ठरावीक चुका झाल्या की खाते कुलूपबंद होते. ही मर्यादा मूळ सेटिंगमध्ये ५ आहे.

दुसरी गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. इथे खाते सुटे तयार होत नाही. आधी त्या माणसाची ‘व्यक्ती’ म्हणून नोंद हवी, मग त्या नोंदीवर लॉगिन चढते. बदली होऊन आलेल्या पाळकांचे नाव यूजरच्या यादीत सापडत नाही, कारण त्यांची नोंदच अजून झालेली नसते. आधी कुटुंब, मग व्यक्ती, मग यूजर, मग हक्क, या क्रमाने जा.

सर्व्हरखोली

चांगला धागा. माझा आग्रह एकच: लॉगिन होत नाही म्हटले की लगेच पासवर्ड रिसेट करू नका. आधी पडद्यावर काय दिसते ते त्या माणसाला विचारा, किंवा स्क्रीनशॉट मागवा. चार वेगळे आजार आहेत आणि चौघांची औषधे वेगळी.

लाल पट्टीत ‘नाव किंवा पासवर्ड चुकीचा’ असे आले, तर सर्व्हर ठीक आहे. टंकलेले चुकते आहे किंवा खाते बंद झाले आहे.

लॉगिन दाबल्यावर कसलाही संदेश न येता तेच पान पुन्हा समोर आले, रकाने रिकामे, तर पासवर्ड बहुधा बरोबर आहे. भानगड पत्त्याची किंवा कुकीची (ब्राउझरमध्ये राहणाऱ्या लॉगिनच्या खुणेची) आहे. रिसेट करून इथे काहीच साधत नाही, उलट नवा पासवर्डही ‘चालत नाही’ म्हणून माणूस वैतागतो.

ब्राउझरने ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असा इशारा दिला, तर साइटच्या सुरक्षा-प्रमाणपत्राची मुदत किंवा संगणकाची तारीख बघा.

पान उघडतच नाही, गोल फिरत राहते, तर तुमचा आयपी (इंटरनेटवरचा क्रमांक) सर्व्हरने अडवला आहे, नाहीतर होस्टिंग किंवा डोमेनचे नूतनीकरण राहिले आहे.

दुसरा आजार सर्वांत फसवा, म्हणून तो सविस्तर. चर्चसीआरएमच्या कॉन्फिग (मूळ सेटिंगच्या) फाइलमध्ये दोन ओळी असतात. एक रूट पाथची, म्हणजे डोमेननंतरच्या फोल्डरची, एक पूर्ण पत्त्याची. सॉफ्टवेअर उपफोल्डरमध्ये बसवले असेल तर रूट पाथ तिरप्या रेघेने सुरू व्हावा, पण शेवटी रेघ नको. पूर्ण पत्त्याच्या शेवटी मात्र रेघ हवीच. थेट डोमेनवर बसवले असेल तर रूट पाथ रिकामा ठेवायचा. अक्षरांच्या लहान-मोठेपणाचाही फरक पडतो: फोल्डरच्या नावात पहिले अक्षर मोठे आणि फाइलमध्ये लहान असले, तर वाट चुकते.

नंतर कुणीतरी साइटवर एसएसएल (सुरक्षा-प्रमाणपत्र) बसवतो आणि पत्ता एचटीटीपीएस होतो, पण फाइलमध्ये जुना एचटीटीपी तसाच. किंवा मंडळीच्या बातमीपत्रावर ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’सह पत्ता छापलेला आणि फाइलमध्ये त्याशिवाय. ब्राउझरच्या दृष्टीने ही दोन वेगळी घरे आहेत. एका घरात मिळालेली कुकी दुसऱ्या घरात चालेलच असे नाही, आणि मग माणूस पुन्हा दारात. उपाय: एकच पत्ता ठरवा, तोच फाइलमध्ये लिहा, बाकीचे सगळे पत्ते होस्टिंगच्या पॅनेलमधून त्याकडे वळवा आणि दप्तरातल्या ब्राउझरचे जुने बुकमार्क पुसून नवे करा. हे शेवटचे काम राहून जाते आणि तक्रार पुन्हा येते.

दप्तरदार

पहिल्या आजारात, म्हणजे लाल पट्टीत, माझ्या मते बहुतेक दोष कीबोर्डचा असतो.

दप्तरातल्या संगणकावर मराठी टंकलेखन चालू असते. सूचनापत्रक टाइप करून झाले, लॉगिनचे पान उघडले, पण कीबोर्ड मराठीतच राहिला. पासवर्डच्या रकान्यात सगळे ठिपके दिसतात, त्यामुळे आपण देवनागरी टंकतो आहोत हे कळतच नाही. आकड्यांचेही तेच. देवनागरी ‘७’ आणि इंग्रजी सात आपल्याला एकच, संगणकाला दोन वेगळी चिन्हे. विंडोजमध्ये विंडोज-कळ आणि स्पेस दाबून भाषा बदला, डोळ्याच्या चिन्हावर टिचकी मारून पासवर्ड उघडा दिसतो का बघा. तशी सोय त्या पानावर नसेल, तर पासवर्ड आधी नावाच्या रकान्यात टंकून पाहा नि पुसून टाका. शेजारी कुणी नसताना.

फोनवर तीन खोड्या. ईमेलचे पहिले अक्षर आपोआप मोठे होते. सुचवलेला शब्द निवडला की शेवटी एक मोकळी जागा चिकटते. आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून पासवर्ड कॉपी करताना वाक्याचा पूर्णविरामही सोबत येतो. तात्पुरता पासवर्ड पाठवायचाच असेल तर स्वतंत्र संदेशात, पुढेमागे एकही अक्षर न घालता पाठवा. त्याहून बरे म्हणजे फोन करून सांगा.

चौथी खोडी ब्राउझरची. जुन्या सेक्रेटरींचा पासवर्ड त्याने जपून ठेवलेला असतो आणि पान उघडताच तोच भरतो. नवे सेक्रेटरी आपले नाव टाकतात, खाली पासवर्ड भरलेला दिसतो, लॉगिन दाबतात. असे पाच वेळा झाले की खाते बंद. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये साठवलेल्या पासवर्डांची यादी असते. तिथून त्या साइटची जुनी नोंद काढा.

वानवडीताई

दप्तरदार, मोलाची माहिती. एक अडचण विचारते. ऑफिसात संगणक एकच. सकाळी क्लार्क, संध्याकाळी सेक्रेटरी, रविवारी संडे स्कूलच्या शिक्षिका हजेरी भरतात. अशा वेळी ‘ऑफिस’ नावाचे एकच खाते सगळ्यांनी वापरले तर काय बिघडते? दर वेळी आत-बाहेर करण्यात उपासनेआधीची पंधरा मिनिटे जातात.

दप्तरदार

ताई, अडचण खरी आहे, पण सामाईक खाते ठेवू नका. मी हे कळकळीने सांगतो. एखाद्या कुटुंबाचा पत्ता बदलला, वर्गणीचा आकडा बदलला, तर ‘कुणी बदलले’ या रकान्यात फक्त ‘ऑफिस’ दिसते. हिशेब तपासनीस विचारतात तेव्हा कुणालाच उत्तर देता येत नाही, आणि संशय नेमका क्लार्कवर जातो. एक जण चुकला की सगळ्यांचे दार बंद. समितीतून एक जण गेला की पासवर्ड सगळ्यांसाठी बदलायचा, मग तो पुन्हा चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवायचा.

वेळ वाचवायचा उपाय असा. क्रोममध्ये वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावरून प्रत्येकाचे वेगळे प्रोफाइल करा, प्रत्येकाला वेगळा रंग द्या. क्लार्कची खिडकी हिरवी, सेक्रेटरींची निळी. दोघांच्या कुकी वेगळ्या राहतात, आत-बाहेर करावे लागत नाही. मात्र प्रोफाइलला कुलूप नसते, कुणीही दुसऱ्याची खिडकी उघडू शकतो, तेव्हा त्यात पासवर्ड साठवू नका आणि उठताना बाहेर पडा. शिक्षिकांसाठी गेस्ट खिडकी. ती बंद केली की आतले सगळे पुसले जाते.

आणि हक्क नेमके द्या. नोंद घालणे, बदलणे, खोडणे, गट सांभाळणे, देणग्या व हिशेब, टिपा, हे सगळे वेगवेगळे हक्क आहेत. खोडण्याचा हक्क शक्यतो एकाच माणसाकडे असावा. हिशेब खजिनदारांकडे. टिपांमध्ये आजारपण, घरातले वाद, प्रार्थनेच्या विनंत्या असतात. त्या पाळकांपुरत्याच राहाव्यात. सभासदाला फक्त स्वतःच्या कुटुंबाची माहिती दुरुस्त करू द्यायची असेल तर त्याचाही वेगळा हक्क आहे.

वानवडीताई

रंगाच्या खिडक्यांचे पटले. या रविवारपासून तसेच करते.

खडकीबाजार

लॉगिन झाल्यावर मध्येच बाहेर फेकले जाण्याबद्दल कुणी लिहिले नाही. खजिनदारांना सर्वांत जास्त त्रास त्याचाच.

रविवारी उपासनेनंतर दानाचे लिफाफे मोजून एकेक नोंद भरायची. मध्ये चिल्लर मोजायला उठले, चहा झाला, परत येऊन ‘जतन करा’ दाबले तर समोर लॉगिनचे पान. भरलेले आकडे गेले. चर्चसीआरएममध्ये सेशनची, म्हणजे काही न करता आत राहण्याची, मुदत मूळची ३६०० सेकंद, म्हणजे एक तास. मग अर्ध्या तासाच्या आत का फेकले जाते? कारण खाली पीएचपीची (ज्या भाषेवर हे सॉफ्टवेअर चालते तिची) स्वतःची मुदत असते आणि ती मूळ सेटिंगमध्ये १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटे. दोघांपैकी जी आधी संपेल ती लागू. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये पीएचपीच्या पर्यायांत जाऊन सेशनची कमाल मुदत ३६०० करा. त्याहून वाढवू नका. उघडा सोडलेला हिशेब तासाभराने तरी बंद व्हायला हवा.

सोबत कामाची पद्धतही बदला. आधी सगळी रोकड मोजून, दोघांच्या सह्या घेऊन, कागदावर बेरीज पक्की करा. मग लॉगिन करा आणि दर दहा लिफाफ्यांना जतन करा.

मोशीकर

‘पासवर्ड विसरलो’ दाबले तरी ईमेल येत नाही, ही तक्रार सर्वत्र आहे. त्यामागे बहुतेकदा दोनच कारणे असतात.

एक, ईमेल सर्व्हरवरून निघते पण पोहोचत नाही. स्वस्त शेअर्ड होस्टिंगवरून पाठवलेल्या पत्रावर मंडळीचा जीमेल पत्ता ‘प्रेषक’ म्हणून घातलेला असतो. पत्र गूगलच्या सर्व्हरवरून निघालेले नाही आणि नाव मात्र जीमेलचे, म्हणून ते स्पॅममध्ये जाते किंवा परत फिरते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने हे नियम आणखी कडक केले. पाठवणाऱ्या डोमेनला एसपीएफ किंवा डीकेआयएम (पत्र खरेच त्या डोमेनचे आहे हे पटवणाऱ्या नोंदी) असलेच पाहिजे. उपाय: एसएमटीपी, म्हणजे ईमेल पाठवणाऱ्या सर्व्हरची माहिती, नीट भरा. जीमेल वापरायचे तर पोर्ट ५८७, टीएलएस चालू, आणि नेहमीचा पासवर्ड तिथे चालत नाही. त्या गूगल खात्यावर टू-स्टेप पडताळणी चालू करून १६ अक्षरांचा अ‍ॅप पासवर्ड तयार करावा लागतो. गूगल तो चार-चार अक्षरांच्या गटांत दाखवते. भरताना मधल्या मोकळ्या जागा काढून टाका.

दोन, ईमेल पोहोचते पण दुसऱ्याकडे. आपल्याकडे अख्ख्या घराचा एकच ईमेल असतो, तोही बेंगळुरूला नोकरी करणाऱ्या मुलाचा. आईच्या खात्याचा रिसेटचा दुवा त्याच्याकडे जातो आणि तो जाहिरात समजून पुसतो. त्यातून आई-वडील दोघांना लॉगिन दिले आणि ईमेल एकच, तर नाव म्हणून ईमेल वापरणाऱ्या सेवेला कोण कोण हेच कळत नाही. लॉगिन द्यायच्या प्रत्येक माणसाचा स्वतःचा ईमेल आधी तयार करा. त्याच वेळी दुहेरी नोंदी शोधा: इंग्रजी स्पेलिंगमुळे एकच गायकवाड कुटुंब दोनदा असते, किंवा लग्नानंतर आडनाव बदललेली मुलगी माहेरच्या आणि सासरच्या दोन्ही घरांत असते. लॉगिन एका नोंदीवर, बाप्तिस्म्याची तारीख दुसऱ्या नोंदीवर, मग आत जाऊनही तिला स्वतःची माहिती अपुरी दिसते.

एसएमएसने ओटीपी मागवण्याच्या फंदात छोट्या मंडळीने पडू नये. ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमांप्रमाणे प्रेषकाचे नाव आणि संदेशाचा मसुदा डीएलटी या नोंदणी-व्यवस्थेत आधी नोंदवावा लागतो, नाहीतर संदेश वाटेतच अडतो. मराठी मजकुराला एका एसएमएसमध्ये ७० अक्षरांचीच जागा मिळते, हा आणखी एक खर्च.

सर्व्हरखोली

मग एसएमएसच्या ओटीपीऐवजी लॉगिनचा कोड फोनवरच तयार करणारे ऑथेंटिकेटर अ‍ॅप. खजिनदार आणि अ‍ॅडमिन यांना ते सक्तीचे ठेवा. दर ३० सेकंदांनी सहा आकडी कोड बदलतो, त्याला फोनचे नेटवर्क लागत नाही.

कोड बरोबर टाकूनही नाकारला गेला तर फोनचे घड्याळ बघा. एक नमुना सांगतो, कारण तो सहज सापडत नाही. माणूस दुबईहून परतला, फोनचा टाइमझोन तिथलाच राहिला, आणि त्याने काटे हाताने दीड तास पुढे केले. पडद्यावर पुण्याची वेळ अगदी बरोबर दिसते, पण फोनच्या हिशेबी जागतिक वेळ दीड तास पुढे गेलेली असते आणि कोड त्या जागतिक वेळेवरून निघतो. वेळ आणि टाइमझोन दोन्ही ‘आपोआप’वर ठेवा, अ‍ॅप बंद करून उघडा.

चर्चसीआरएमवाल्यांनी एक जपावे. टू-फॅक्टरची (पासवर्डनंतर कोड मागणाऱ्या सोयीची) गुप्त किल्ली काही आवृत्त्यांत डेटाबेसमध्ये नसून कॉन्फिग फाइलमध्ये असते. तिथे होस्टिंग बदलताना डेटाबेस नेला आणि कॉन्फिग फाइल नवी केली, की सगळ्यांचे कोड एकदम निकामी होतात. दोन्हींचा बॅकअप एकत्र घ्या.

टू-फॅक्टर चालू करताना मिळालेले रिकव्हरी कोड (फोन नसताना आत जाण्याचे राखीव कोड) छापून, पाकिटात मोहोरबंद करून, बाप्तिस्म्याची नि विवाहाची मूळ रजिस्टरे ज्या कपाटात असतात तिथेच ठेवा. फोनमध्ये त्यांचा फोटो ठेवून उपयोग नाही. फोन हरवला तर दोन्ही जातात.

घोरपडीगाव

तिसऱ्या आजारावर, सुरक्षिततेच्या इशाऱ्यावर, लिहितो.

एकाच संगणकावर इशारा येत असेल तर उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा सेल संपला की रात्री वीज बंद केल्यावर तारीख काही वर्षे मागे जाते आणि ब्राउझरला आजचे प्रमाणपत्र ‘अजून सुरू न झालेले’ वाटते. सेल सीआर २०३२, ३ व्होल्टचा, तपकीर गल्लीत कुठेही मिळतो. वायर काढून मशीन पूर्ण बंद करा, जुना सेल खाचेतून हलक्या हाताने सोडवा, नव्याची अधिक खुणेची बाजू वर ठेवून बसवा, मग तारीख लावा.

सगळ्यांनाच इशारा येत असेल तर प्रमाणपत्राची मुदत संपली आहे. लेट्स एन्क्रिप्टचे मोफत प्रमाणपत्र ९० दिवसांचे असते, ते आपोआप नवे व्हायचे काम कुठेतरी अडले आहे. होस्टिंगच्या पॅनेलमधून पुन्हा चालवा. फक्त एखाद्या ज्येष्ठ सभासदाच्या फोनवर येत असेल तर अँड्रॉइडची आवृत्ती बघा. ७.१.१ च्या आधीचे फोन हे प्रमाणपत्र ओळखत नाहीत. विंडोज ७ वर क्रोम १०९ नंतर पुढे गेलेच नाही, तेव्हा अशा मशीनवर सभासदांची माहिती उघडूच नये. इशारा आला की ‘तरीही पुढे जा’ दाबायची सवय मात्र कुणालाही लावू नका.

चौथ्या आजाराची परीक्षा सोपी: वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर पान उघडा. उघडले, तर मंडळीच्या वाय-फायचा आयपी अडवला गेला आहे. सर्व्हरवर फेलटूबॅन (वारंवार चुकणाऱ्या आयपीला अडवणारा प्रोग्राम) असेल तर त्याचे मूळ माप १० मिनिटांत ५ चुका, शिक्षा १० मिनिटांची. एका वाय-फायवरचे सगळे एकाच आयपीने बाहेर जातात, म्हणून एकाच्या चुकीने सगळे अडकतात. दहा मिनिटे कुणीही प्रयत्न करू नका, दार आपोआप उघडते.

क्वार्टरगेट

सर्वांचे आभार. समिती बदलताना कामाचा क्रम कसा ठेवावा, ते कुणी सांगेल का? आणि एक अवघड प्रश्न: एकमेव अ‍ॅडमिन परदेशी गेले, त्यांचा जुना ईमेल बंद झाला, तर?

दप्तरदार

क्रम असा: नव्या माणसाचे खाते आधी, त्याने स्वतःच्या हाताने लॉगिन करून दाखवायचे, त्यानंतरच जुन्याचे हक्क काढायचे. उलटे केले तर मधल्या आठवड्यात दप्तर कुणाच्याच हाती नसते. जुन्या पदाधिकाऱ्याचे फक्त लॉगिन काढा, व्यक्तीची नोंद खोडू नका. ते सभासद आहेतच, आणि त्यांच्या नोंदीला कुटुंब व वर्गणी जोडलेली असते. अ‍ॅडमिन कायम दोन असावेत, वेगवेगळ्या घरांतले. होस्टिंग आणि डोमेनचे खाते मंडळीच्या ईमेलवर असावे, कुणाच्या खासगी ईमेलवर नको. हस्तांतराची तारीख समितीच्या इतिवृत्तात लिहा.

हे नुसते व्यवस्थेपुरते नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे, आणि संडे स्कूलच्या यादीत मुलांची नावे, जन्मतारखा, घरचे पत्ते सगळे असते. समिती सोडून गेलेल्या माणसाकडे ती यादी उघडी राहता कामा नये.

सर्व्हरखोली

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर. स्वतःच्या होस्टिंगवर असेल तर वाट आहे. समितीचा ठराव करून घ्या, मग होस्टिंगच्या पॅनेलमधून डेटाबेस हाताळण्याचे साधन पीएचपीमायअ‍ॅडमिन उघडा. पहिले काम: अख्खा डेटाबेस एक्स्पोर्ट करून बाजूला ठेवा. मग यूजरच्या टेबलमध्ये त्या खात्याच्या चुकलेल्या लॉगिनचा आकडा शून्य करा. पासवर्डच्या रकान्याला हात लावू नका. तिथे पासवर्ड नसतो, त्याचा हॅश (त्यावरून काढलेली सांकेतिक अक्षरे) असतो, हाताने लिहिलेला शब्द चालणार नाही. त्याऐवजी व्यक्तींच्या टेबलमध्ये त्या अ‍ॅडमिनच्या नोंदीतला ईमेल बदलून मंडळीचा ईमेल घाला, आणि लॉगिनच्या पानावरून ‘पासवर्ड विसरलो’ दाबा. दुवा मंडळीच्या ईमेलवर येईल. आत गेल्यावर लगेच दोन नवे अ‍ॅडमिन करा, त्या व्यक्तीचा ईमेल परत त्यांचा खरा घाला आणि त्यांचे लॉगिन काढा.

पैसे भरून घेतलेल्या सेवेत ही वाट नाही. तिथे सेवेकडे लेखी अर्ज, ठरावाची प्रत आणि शेवटच्या बिलाची प्रत लागेल, म्हणून बिले मंडळीच्या ईमेलवर मागवत जा.

मोशीकर

वरच्यात एक भर: हे करण्याआधी एसएमटीपी चालते आहे याची खात्री हवी. आत जाता येत नसल्याने चाचणी ईमेल पाठवता येत नाही, म्हणून दुसऱ्या कुठल्याही चालू खात्याने ‘पासवर्ड विसरलो’ करून बघा. त्याला ईमेल आली तर पुढे जा. नाही आली, तर आधी पाठवणाऱ्या गूगल खात्याचा अ‍ॅप पासवर्ड तपासा. त्या खात्याचा मुख्य पासवर्ड कुणी बदलला असेल तर अ‍ॅप पासवर्ड आपोआप रद्द होतो.